खड्डे आणि त्यांची वरवरची बुजवणी: तुमचे अनुभव लिहा

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी टेम्पो आला. दोघांनी खडी-डांबराचा माल खड्ड्यात ओतला, फावड्याच्या पाठीने थोपटला आणि निघाले. खड्ड्यात आदल्या रात्रीचं पाणी तसंच होतं. चौथ्या दिवशी खड्डा मोकळा आणि खडी रस्ताभर! तुमच्याकडे खड्डा कसा बुजवला, किती टिकला, कुणाला काय भोगावं लागलं, सगळं लिहा. चांगलं काम पाहिलं असेल तर तेही आवर्जून लिहा.

डोंबिवली
गाव माणगाव तालुक्यात. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर या 84 किलोमीटरचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं, तेव्हा मुलगी पहिलीत होती. आता तिचं कॉलेज संपत आलं. दरवर्षी गणपतीच्या तोंडावर, भर पावसात खड्डे भरतात. आईचं कमरेचं ऑपरेशन झालंय. पनवेल सुटलं की ती दोन्ही हात सीटवर रोवून अंग उचलून धरते, ते थेट माणगावपर्यंत. यंदा राहू दे म्हटलं तर ऐकत नाही, गणपती घरचा आहे.

पुणे
मला खड्ड्यापेक्षा बुजवलेल्या खड्ड्याची भीती वाटते. खड्डा निदान दिसतो. ठिगळातून सुटलेल्या बारीक खडीवर माझ्या स्कूटरचं पुढचं चाक सटकलं आणि डावं मनगट मोडलं. आत प्लेट आहे. थंडीत पोळ्या लाटताना अजून ठणकतं. याच शहरात 1970 च्या दशकात दहा वर्षांच्या हमीवर बांधलेला जंगली महाराज रस्ता आहे, पुढे कित्येक दशकं टिकलेला. म्हणजे जमत नाही असं नाही.

नाशिक
रस्त्याच्या कामांवर अभियंता म्हणून 31 वर्षं काढली. डांबराचं वैर पाण्याशी. भेगेतून पाणी मुरतं, खालचा थर मऊ पडतो, वरून चाकं गेली की खडीवरचं डांबर सुटतं. म्हणून खड्डा आधी चौकोनी कापायचा, कडा उभ्या ठेवायच्या. सैल माल पक्का थर लागेपर्यंत काढायचा. कोरडा करून झाडायचा, तळाला आणि कडांना डांबराचा पातळ हात द्यायचा, मग गरम माल थराथराने भरून रोलर फिरवायचा. प्लँटवरून दीडशे अंशांच्या आसपास निघालेला माल 90 च्या खाली उतरला की नीट दबतच नाही. ताडपत्रीशिवाय दोन तास गावभर फिरवलेला माल ओतायचा, म्हणजे पुण्याच्या ताईंच्या चाकाखाली आली तीच खडी. पावसात कोल्ड मिक्स, म्हणजे गरम न करता भरायचा डांबर-खडीचा माल, चालतं, पण तेही दाबावंच लागतं. वरून फोन आला म्हणून असल्या कामांच्या बिलांवर मीही सह्या केल्यात. त्याची खंत आहे.

मुंबई
आमच्याकडे डांबरी खड्ड्यात पेव्हर ब्लॉक बसवतात. दोन-तीन दिवसांत एक ब्लॉक निखळतो, मग शेजारचे हलायला लागतात. ताई, उपचारांचे कागद जपून ठेवा. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितलंय. 2015 मध्ये खड्ड्यामुळे झालेल्या अपघातात मुलगा गमावल्यावर दादाराव बिल्होरे स्वतः खड्डे भरत फिरू लागले. एका बापावर ही वेळ यावी, याचा राग अजून जात नाही.

सोलापूर
मी असल्याच खड्डे भरणाऱ्या टेम्पोवर काम करतो. लोक शिव्या देतात, आम्ही ऐकून घेतो. दिवसाला इतके खड्डे भरा एवढंच सांगितलेलं असतं. गाडीत कापायचं मशीन नसतं, रोलर तर नाहीच. एकदा शाळेसमोरच्या खड्ड्यात पोरगं सायकलवरून आमच्या डोळ्यांदेखत पडलं. त्या दिवशी आम्ही तिघांनी पहार-छिन्नीने कडा सरळ केल्या, पाणी फडक्याने टिपलं, माल गरम होता तोवर भरला आणि धुमसाने अर्धा तास ठोकला. मुकादम ओरडला, कारण पुढचे खड्डे राहिले. तीन पावसाळे झाले, तो खड्डा उखडलेला नाही. त्या बाजूने गेलो की अजून थांबून बघतो.