मदत हवी आहे: फँटोमावर मराठी डिजिटल कॉमिक काढायचंय, हक्कांचं कसं?

मंडळी, 1940 साली अमेरिकेतल्या 'जंगल कॉमिक्स'मध्ये आलेल्या फँटोमा या नायिकेवर आम्ही दोघी मैत्रिणी मराठी डिजिटल कॉमिक करतोय. ती संतापली की चेहऱ्याची निळी कवटी होते, सोनेरी केस मात्र तसेच! त्या चौकटीच्या मी अक्षरशः प्रेमात आहे.

तिकडे तेव्हाच्या कॉमिकचा कॉपीराइट 28 वर्षांनी नव्यानं नोंदवावा लागे. तो न नोंदवल्यामुळे ती सगळ्यांना खुली मानली जाते. म्हणूनच स्वतंत्र चित्रकार तिला परत आणतायत. पण भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, आणि तिचे निर्माते फ्लेचर हँक्स वारले 1976 साली. मग इथे अंक विकायला परवानगी लागेल का? कॉपीराइटचं काम करणारं कुणी असेल तर प्लीज सांगा.