ब्राउनफील्ड म्हणजे पडीक जमीन?

शब्दहमाल: लंडनच्या किंग्ज क्रॉसवरचा लेख मराठीत करतेय. 67 एकरांचा जुना रेल्वे मालधक्का, कोळशाची कोठारं, शेजारी गॅसचा कारखाना. आता तिथे विद्यार्थ्यांचं 27 मजली हॉस्टेल आहे. अशा आधी वापरून झालेल्या जागेला इंग्रजीत 'ब्राउनफील्ड' म्हणतात, त्याला मी 'पडीक जमीन' लिहिलं. आईने कागद परत दिला : "पडीक म्हणजे नांगर घातला तर पिकेल अशी. इथे काय पिकणार, डांबर?"

मुरूमखडी: आई बरोबर! गॅस कारखान्याच्या मातीत खरंच कोळशाचं डांबर आणि सायनाइड सापडतं. पाइल, म्हणजे पायाचे खोल खांब, मारताना ती घाण खालच्या पाण्यात उतरायची भीती, उपसलेली माती टाकायची कुठे हा वेगळाच घोर. त्यात एका अंगाला रूळ, पोटात बोगदे, लोखंड उतरवायला वीतभर जागा नाही. अशा ठिकाणी मग खोल्याच कारखान्यात करून आणतात, ट्रकवरून उचलून एकावर एक ठेवतात. वेम्बलीचं 29 मजली अ‍ॅपेक्स हाऊस 2017 मध्ये असंच झालं.

पंतोजी: पाइल नव्हे, स्थूणा. स्थूणानिखननन्याय ठाऊक नाही? खांब हलवून हलवून घट्ट रोवतात, तसा आक्षेप घेऊन घेऊन मुद्दा पक्का करायचा.

मुरूमखडी: साइटवर 'स्थूणा मारा' म्हटलं तर माणसं मलाच रोवतील.

लालबागकर: आमच्याकडे 'गिरणीची जागा'. 82च्या संपानंतर भोंगा थांबला, आत झुडपं वाढली, तरी बाबांच्या तोंडी पडीक कधी आलं नाही. "बंद आहे," एवढंच म्हणायचे.

उंटावरचा: 'तपकिरी भूखंड' करा की. तपकिरी रंगाचं नावही तपकिरीवरूनच आलंय.

लालबागकर: वाचक शिंकतील.

शब्दहमाल: 'दूषित जमीन' चालेल?

मुरूमखडी: लंडनसाठी नको. ब्रिटिश नियोजनात आधी बांधकाम झालेली जमीन एवढाच अर्थ, दूषित असो वा नसो. अमेरिकी कायद्यात मात्र दूषण असणं किंवा असण्याची शक्यता हाच मुद्दा. त्यांचंच एकमत नाही, तर आपण कशाला भांडतोय?

पंतोजी: पूर्वोपयोजित भूमी.

लालबागकर: खाली सही-शिक्का पण मारा.

शब्दहमाल: 'वापरून सोडलेली जागा' लिहू का? जरा जुन्या चपलेसारखं वाटतंय.

पंतोजी: चप्पल राहू द्या. 'हॉस्टेल' कशाला? 'वसतिगृह' लिहा, आणि ति ऱ्हस्व. पाट्यांवर सर्रास 'वसतीगृह' रंगवतात.

उंटावरचा: आमच्या पाटीवर 'वस्तीगृह' होतं. वस्ती मुख्यतः ढेकणांची, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

लालबागकर: आणि मेस?

उंटावरचा: आमटीत डाळ शोधायला तुमची ती स्थूणा लागायची.

शब्दहमाल: अहो, लेख उद्या द्यायचाय मला.

पंतोजी: मेस नव्हे, खाणावळ.