मोठ्या आयटी कंपनीचं ऑफर लेटर आहे पण जॉइनिंग येईना, कोल्हापूरची छोटी कंपनी बोलावतेय, काय करू?

कृष्णाकाठ_०३
नमस्कार मंडळी, यंदा कॉम्प्युटर इंजिनिअरिंग पूर्ण झालं, कॉलेज सांगलीजवळचं प्रायव्हेट, सीजीपीए ७.८, बॅकलॉग नाही. शेवटच्या वर्षाला असताना कॅम्पसमधनं एका मोठ्या आयटी कंपनीत सिलेक्शन झालं, पॅकेज ३.६ लाख, गावात पेढे वाटून झाले, कॉलेजच्या फ्लेक्सवर फोटो लागला, तो फ्लेक्स पावसात भिजून अर्धा फाटला तरी जॉइनिंगची तारीख काय येईना. पोर्टल उघडलं की बिझनेस रिक्वायरमेंटनुसार कळवू, एवढंच. मेल केला की तेच वाक्य परत.

मधल्या काळात कोल्हापुरात एका छोट्या कंपनीचा इंटरव्ह्यू दिला. १४ माणसं आहेत, साखर कारखाने आणि पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करतात, म्हणजे ऊस नोंदणी, वजनकाटा, तोडणी-वाहतुकीची बिलं असलं सगळं. मालकांनी स्वतःच इंटरव्ह्यू घेतला, डीएसए (डेटा स्ट्रक्चर-अल्गोरिदम) वगैरे काही विचारलं नाही, काट्यावरची एक पावती समोर टाकली आणि म्हणाले याच्यासाठी टेबलं कशी करशील ते कागदावर काढ. तासभर त्यातच गेला, मजा आली खरं तर. २२ हजार हातात देतो, सहा महिन्यांनी २५ करतो, ये म्हणाले. पण ओरिजिनल मार्कशीट जमा करायला सांगतायत आणि दोन वर्षांचा बॉन्ड.

घरी दोन एकर ऊस आहे, एज्युकेशन लोन ४ लाख, हप्ते पुढच्या जूनपासून चालू होतील. पुण्याचे मामा म्हणतात एवढी मोठी कंपनी सोडून कारखान्याचं सॉफ्टवेअर करत बसणार का, उद्या लग्नाला पोरगी कोण देणार. वडील म्हणतात तुला कळतंय तसं कर. मला काही कळंना झालंय. सल्ला द्या.

---

फेज_थ्री_वासी
मित्रा, मी २०१३ बॅच, मेकॅनिकल असून आयटीत आलो, पहिली नोकरी मोठ्या सर्व्हिस कंपनीतच. मला विचारशील तर मोठी कंपनी घे, पण मामा सांगतात त्या कारणासाठी नाही.

आधी पैशाचं बोलू, कारण ३.६ लाख म्हटलं की पोरं बाराने भागून ३० हजार धरतात. त्यातनं कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, इन्शुरन्स, व्हेरिएबल असलं सगळं सीटीसीत, म्हणजे कंपनीच्या तुझ्यावरच्या एकूण खर्चात, आधीच घातलेलं असतं, ते काढ. मग तुझा स्वतःचा पीएफ साधारण १८०० जाणार, प्रोफेशनल टॅक्स महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. हातात येणार २३-२५ च्या आसपास. हिंजवडीत तिघांत एक खोली, मेस, बस आणि शनिवारी एकदा बाहेर जेवलास की महिन्याच्या २२ तारखेला वडलांना फोन. तर कोल्हापुरात (समजा घरनंच जाऊन-येऊन केलंस तर) २२ हजार हे पुण्यातल्या २४ पेक्षा जास्तच आहेत. आणि गंमत म्हणजे मी लागलो तेव्हा पॅकेज सव्वातीन होतं. बारा वर्षं झाली.

मग मोठी का घे म्हणतो, तर ट्रेनिंग. मला मेकॅनिकलवाल्याला तीन महिने बसवून डेटाबेस, जावा, लिनक्स शिकवलं आणि वर पगार दिला. कोड रिव्ह्यू म्हणजे काय, प्रॉडक्शनला हात लावायच्या आधी कुणाला विचारायचं, क्लायंटला मेल कसा लिहायचा, या सवयी तिथंच लागल्या. त्यानंतर चार महिने बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय होतो, रोज कार्ड स्वाइप करून कॅन्टीनमध्ये बसायचं, आणि मग सपोर्ट प्रोजेक्ट, रात्रपाळी, तिकीट (क्लायंटची तक्रार) आलं की बंद करा. दोन वर्षांत नवीन कोड म्हणशील तर चारशे ओळी लिहिल्या असतील. तेव्हा वाटलं वाया गेलो. पण तीच दोन वर्षं दाखवून दुसरीकडे दुप्पट पगार घेतला.

ऑनसाइटच्या, म्हणजे परदेशात क्लायंटकडं जायच्या स्वप्नासाठी मात्र जाऊ नको. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं नवीन एच-वन-बी (तिथल्या नोकरीचा व्हिसा) अर्जाला एक लाख डॉलर लावले, ३.६ लाखवाल्या पोरासाठी ते कोण भरणार.

---

काट्यावरचा_कोडर
वरच्या दादांचं पटतंय पण मी बरोबर उलट्या वाटेनं आलोय म्हणून लिहितो. मी असल्याच कंपनीत तीन हंगाम काढलेत, कुठली ते सांगत नाही.

पहिलाच हंगाम, नोव्हेंबर, रात्रीचे दीड वाजलेले, कारखान्याच्या दोन नंबरच्या काट्यावरनं फोन, पावती निघंना. गेलो मोटरसायकलवर. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची लाइन गेटच्या बाहेर रस्त्यापर्यंत, ड्रायव्हर शिव्या देतायत, बैलगाडीवाले शेकोटी करून बसलेत, आणि काट्यावरचा क्लार्क माझ्याकडं असा बघतोय की मीच ऊस चोरलाय. झालं काय होतं, पावती नंबर काढायला मी सिलेक्ट मॅक्स प्लस वन, म्हणजे आधीच्या सगळ्यात मोठ्या नंबरात एक मिळवा, असं लिहिलं होतं. टेस्टिंगला एकच काटा, त्यामुळं सगळं झकास. इथं दोन काट्यांवर दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं की दोघांना तोच नंबर, आणि नंबरवर युनिक (तोच नंबर परत चालणार नाही) लावलेलं म्हणून दुसऱ्याची एंट्री फेल. दुसऱ्या दिवशी सीक्वेन्स टाकला, म्हणजे डेटाबेसच प्रत्येकाला वेगळा नंबर देतो. कॉन्करन्सी हा शब्द मला चार वर्षं कॉलेजात कळला नव्हता, तो त्या रात्री थंडीत कळला.

शिवाय तिथं चूक लपत नाही. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे (सरकारनं ठरवलेल्या किमान दराचे) पैसे द्यायचे असा कायदा आहे (पाळतात किती ते तुझ्या वडलांना विचार), त्यामुळं पंधरवड्याचं बिल वेळेत निघालंच पाहिजे. टनेजमध्ये एक दशांश इकडचा तिकडं झाला तर शेतकरी पावती घेऊन थेट ऑफिसात येतो. पुढं पुण्यात प्रॉडक्ट कंपनीच्या इंटरव्ह्यूत हीच काट्याची गोष्ट सांगितली, पाऊण तास त्यावरच प्रश्न आले, आणि झालं काम.

आता वाईट बाजू. गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) नव्हतं, कोड झिप करून फायनल_नवीन_२ असल्या नावानं ठेवायचे. माझा कोड तीन वर्षांत कुणीही वाचला नाही, त्यामुळं घाण सवयी लागल्या, त्या मोडायला पुढं वर्ष गेलं. हंगामात सुट्टी विसर, सख्ख्या बहिणीच्या लग्नात हळदीच्या दिवशी लॅपटॉप उघडून बसलो होतो. आणि पीएफ. २० पेक्षा कमी माणसं असतील तर पीएफ सक्तीचा नसतो, तुझ्या कंपनीत १४ आहेत, म्हणजे बहुतेक नसणार. पैशापेक्षा त्याची अडचण पुढं येते, मोठ्या कंपन्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला पीएफची नोंद मागतात. तेव्हा पगार रोख घेऊ नको, बँकेतच घे, दर महिन्याची पगार स्लिप जपून ठेव, निघताना एक्स्पिरिअन्स लेटर घे. माझ्याकडं दोन स्लिपा नव्हत्या, त्यासाठी जुन्या मालकांच्या घरी चितळ्यांची बाकरवडी घेऊन गेलो होतो.

---

खराडीची_एचआर
दोघांनी बरंच लिहिलंय, मी फक्त कागदांचं बोलते.

ओरिजिनल मार्कशीट कुणालाही द्यायची नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही. बघायला दाखव, झेरॉक्सवर सही करून दे, ओरिजिनल परत पिशवीत. कपाटात ठेवतो, सेफ आहे असं म्हणतात आणि नोकरी सोडायच्या दिवशी त्या कपाटाची किल्ली सापडत नाही.

बॉन्डला कोर्टात काही किंमत नसते असं जो तो सांगतो, ते डोक्यातनं काढ. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांच्या आत सोडणाऱ्याकडून दोन लाख घ्यायची अट वैध धरली. ती सरकारी बँक, तिथं भरतीला मोठा खर्च होतो हा मुद्दा होता, १४ जणांच्या कंपनीला तो तसाच लागू पडेल असं नाही, पण वाचल्याशिवाय सही करू नको. रक्कम किती, महिन्यागणिक कमी होते का, आणि त्यांनीच काढलं तर काय, एवढं विचार. मोठ्या कंपनीच्या लेटरमध्येही सर्व्हिस ॲग्रीमेंट असेल, ते कुणी वाचत नाही, तू वाच.

आणि बाळा, ऑफर लेटर म्हणजे तारीख नव्हे. २०२२ च्या बॅचमधली काही मुलं काही कंपन्यांत दोन-दोन वर्षं थांबलेली आहेत. जुलै २०२५ ला टीसीएसने दोन टक्के म्हणजे साधारण बारा हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं, त्यात बहुतेक मधले आणि वरचे होते. सांगायचं कारण एवढंच की मोठी म्हणजे कायमची, हा मामांच्या पिढीचा हिशेब आहे. त्यांच्या वेळी तो बरोबर होता, त्यांना दोष देऊ नको. पण पोर्टलकडे बघत घरी बसून वर्षाची गॅप पाडू नको. पुढच्या एचआरला गॅप दिसते, तुझी वाट बघणं दिसत नाही.

---

रंकाळा_रिटर्न्स
मामांना एकदा कोल्हापूरला बोलवा, तांबडा-पांढरा घाला, मत बदलेल. बाकी चालू द्या.

---

फेज_थ्री_वासी
@खराडीची_एचआर हे तारखेचं मी धरलंच नव्हतं, आमच्या वेळी पास झालो आणि दीड महिन्यात बोलावलं होतं. मग माझा सल्ला अर्धा मागे घेतो. जॉइनिंग हातात असतं तर मोठी. नुसतं लेटर असेल तर कोल्हापूर, आणि गिट स्वतःच्या लॅपटॉपवर पहिल्या दिवसापासून चालू कर, कुणी वापरो न वापरो.

---

कृष्णाकाठ_०३
सगळ्यांचे आभार. काल मालकांना भेटून आलो. मार्कशीटचं घाबरत घाबरतच काढलं, त्यांनी अजिबात वाद घातला नाही, झेरॉक्स दे म्हणाले, मागं एक पोरगा ऐन हंगामात न सांगता गेला म्हणून तसं मागायला लागलो. मग बॉन्डचंही विचारलं. तो दोन वर्षांवरनं एका हंगामावर आला, गाळप संपेपर्यंत सोडायचं नाही, सोडलं तर एका महिन्याचा पगार, बास. पगार बँकेत देणार. पीएफ नाही, ते सरळच सांगितलं.

मॅक्स प्लस वन तिथं आहे का ते विचारायचं धाडस झालं नाही.

सोमवारपासनं जातोय. पहिल्याच दिवशी कारखान्यावर न्यायचंय, चप्पल घालून येऊ नको, बूट घाल म्हणाले. मामांना अजून सांगितलेलं नाही, आई सांगणार आहे.

एक राहिलं ताई, त्या मोठ्या कंपनीच्या पोर्टलवर डिक्लाइनचं बटण आहे, ते दाबू का?

---

खराडीची_एचआर
नको. राहू दे तसंच. तारीख आली तर तेव्हा बघू, तोवर हंगाम कुठपर्यंत आलाय त्यावर ठरव.