मदत हवी आहे: फोटोतलं विमान मूळ डीसी-३ की सी-४७?

घरच्या अल्बममध्ये डग्लस कंपनीच्या डकोटा विमानाचा एक कृष्णधवल फोटो सापडलाय. डकोटा म्हणजे प्रवासी डीसी-३ किंवा त्याचंच लष्करी रूप सी-४७. डीसी-३ पहिल्यांदा उडालं १७ डिसेंबर १९३५ ला. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र लष्करी सी-४७ सुद्धा प्रवासी विमानं म्हणून वापरली गेली, आणि घोळ तिथेच आहे. सी-४७ ला डाव्या बाजूला मालासाठी रुंद दुहेरी दार असतं, एवढं माहीत आहे. पण नेमक्या त्याच जागी आमची मंडळी ओळीनं उभी! शेपटाचं टोक फोटोत नाही, नोंदणी क्रमांकही नाही. फोटोमागे फक्त 'जुहू' लिहिलंय, साल नाही. मोठं करून पाहिलं, तर इंजिनं १४ सिलिंडरची वाटतात, पण ती दोन्हींत असायची. नाक, कॉकपिट आणि डावा पंख स्वच्छ दिसतात. तेवढ्यावरून फरक ओळखता येईल का? कशाकडे बघू?