राउटर चालू, फोनवर नेट चालू, पण डेस्कटॉपवर ‘नो इंटरनेट’. आता काय तपासू?

शाईदौत

परवा रात्रीपासून माझ्या डेस्कटॉपवर नेट येत नाहीये. विंडोज १० आहे, राउटरपासून थेट केबल आलेली आहे. घड्याळाशेजारी एरवी छोट्या मॉनिटरचं चिन्ह असतं, तिथे आता पृथ्वीचा गोल दिसतोय. त्याच राउटरच्या वायफायवर माझा फोन मात्र नीट चालतो, म्हणजे नेटच गेलंय असंही नाही.

आतापर्यंत केलेलं: राउटर बंद करून दहा मिनिटांनी चालू केला. केबल दोन्ही टोकांनी काढून परत लावली. कॉम्प्युटर चार वेळा रीस्टार्ट केला. विंडोजचं ते स्वतःच दोष शोधणारं साधन चालवलं, त्याने एक लांबलचक इंग्रजी वाक्य दाखवलं आणि दुरुस्त काहीच केलं नाही. सेटिंग्जमध्ये मी काहीही बदललेलं नाही.

मी भाषांतराचं काम करते. सध्या ६४ पानांचा मजकूर हातात आहे आणि तो परवा द्यायचाय. माझे सगळे शब्दकोश ऑनलाइन आहेत. काल फोनच्या पडद्यावर एकेक शब्द शोधत दिवसभरात जेमतेम साडेतीन पानं झाली, एरवी दहा होतात. कृपा करून विंडोज नव्याने टाकायला सांगू नका. तेवढा वेळ नाही आणि माझ्या फायलींना धक्का लागायची भीती वाटते.

झटपट

सेटिंग्जमध्ये जाऊन नेटवर्क रिसेट करा. पाच मिनिटांत होतं. माझं दोनदा त्यानेच सुरू झालंय.

लॅबवाला

ताई, जरा थांबा, रिसेट इतक्यात नको. त्याने नेटवर्क अ‍ॅडॉप्टर काढून टाकले जातात आणि नव्याने बसतात, वायफायचे साठवलेले पासवर्ड जातात, आणि कामासाठी व्हीपीएन वापरत असाल तर ते पुन्हा बसवायची वेळ येऊ शकते. नेट सुरू होईलही, पण बंद का पडलं होतं ते कधीच कळणार नाही आणि महिन्याभराने तेच परत होईल. चाळीस मशीनची लॅब मी बरीच वर्षं सांभाळली. तिथे एक गोष्ट अंगवळणी पडली: आधी तुटलंय कुठे ते बघायचं, हात मग लावायचा.

सर्चमध्ये सीएमडी टाइप करून एंटर करा, काळी खिडकी उघडेल. कमांड मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करा.

पहिली कमांड: आयपीकॉन्फिग, मग एक स्पेस, मग तिरकी रेघ आणि लगेच ऑल. बराच मजकूर येईल, घाबरू नका. त्यात ‘इथरनेट अ‍ॅडॉप्टर इथरनेट’ (म्हणजे केबलची जोडणी) असा मथळा शोधा आणि त्याखालच्या तीन ओळी मला कळवा: आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस, डिफॉल्ट गेटवे आणि डीएनएस सर्व्हर्स.

मग तीन वेळा पिंग, म्हणजे एखाद्या पत्त्यावर छोटा संदेश पाठवून उत्तर परत येतं का ते बघणं. आधी पिंग आणि तुमच्या डिफॉल्ट गेटवेचा आकडा, म्हणजे तुमचा राउटर. मग पिंग ८.८.८.८, हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर, तुमच्या घराबाहेरचा. शेवटी पिंग गूगल.कॉम. पहिले दोन आकड्यांचे पत्ते आहेत, तिसरं नाव आहे. फरक इथेच दिसेल.

आणि ते लांबलचक वाक्य पुन्हा आणून पूर्ण वाचा. त्यात बऱ्याचदा उत्तर असतं.

रात्रपाळी

तोवर काम अडू देऊ नका. फोन यूएसबी केबलने डेस्कटॉपला लावा, फोनच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा आणि राउटरची केबल तेवढ्यापुरती काढून ठेवा. फोनचं नेट डेस्कटॉपला मिळेल. यातून एक तपासही होतो. असं नेट चाललं तर ब्राउझर, फायरवॉल आणि विंडोज बहुधा ठीक आहेत आणि दोष त्या इथरनेटच्या जोडणीपुरताच आहे.

शाईदौत

रात्रपाळी, टेदरिंग चाललं! शब्दकोश उघडले, दुपारपासून सहा पानं झाली. तुमचे किती आभार मानू कळत नाही.

लॅबवाला, केबल परत लावून तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस १९२.१६८.१.१०४, डिफॉल्ट गेटवे १९२.१६८.१.१, डीएनएस सर्व्हर्स १२७.०.०.१. राउटरला पिंग केलं, चार पाठवले आणि चारही परत आले. ८.८.८.८ लाही चारही आले, ते बघून तर मी चक्रावलेच, म्हणजे नेट आहे की! पण गूगल.कॉमला ‘होस्ट सापडला नाही’ अशा अर्थाचं एक वाक्य येऊन काम थांबलं.

ते लांबलचक वाक्यही वाचलं. तुमचा कॉम्प्युटर व्यवस्थित दिसतोय, पण डीएनएस सर्व्हर प्रतिसाद देत नाहीये, असं त्यात म्हटलंय.

लॅबवाला

सापडलं. तुमची केबल, राउटर, नेट, सगळं ठणठणीत आहे. बंद आहे ती फक्त नावावरून पत्ता काढायची सोय.

ब्राउझरमध्ये तुम्ही साइटचं नाव टाकता, पण कॉम्प्युटरला जायला आकड्यांचा पत्ता लागतो. तो पत्ता डीएनएस सर्व्हर सांगतो. साधारणपणे त्या ओळीत राउटरचा आकडा असतो, नाहीतर नेट देणाऱ्या कंपनीचा. तुमच्याकडे १२७.०.०.१ आहे. हा आकडा प्रत्येक कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता असतो. म्हणजे तुमचं मशीन प्रत्येक साइटचा पत्ता स्वतःलाच विचारतंय आणि आत उत्तर द्यायला कोणी नाही. ८.८.८.८ ला नाव लागत नाही म्हणून ते पोचलं. विंडोज नेट आहे की नाही हे ठरवायला मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पानापर्यंत जाऊन बघतं. तिथेही नावच लागतं, म्हणून तो पृथ्वीगोल. फोन राउटरकडून स्वतःचा वेगळा डीएनएस घेतो, त्यामुळे त्याला काही झालं नाही.

हा आकडा आपणहून तिथे येत नाही. जाहिराती अडवणारे किंवा मुलांसाठी साइट गाळणारे काही प्रोग्राम तो टाकतात, कारण मग सगळ्या नावांची विचारणा त्यांच्यामार्फत जाते. प्रोग्राम आहे तोवर सुरळीत चालतं. तो काढला आणि जाताना त्याने आकडा मागे ठेवला, की नेमकं हे होतं. तुम्ही नुकतंच असं काही काढलंय का, आठवून बघा.

उपाय: विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, चौकटीत एनसीपीए.सीपीएल टाइप करा. इथरनेटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. यादीत इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४ निवडा आणि पुन्हा प्रॉपर्टीज. खालच्या भागात डीएनएस आपोआप घेण्याचा पर्याय निवडून ओके करा. व्हर्जन ६ मध्येही तसंच बघा, तिथे दोन विसर्गचिन्हांसारखे ठिपके आणि १ असं लिहिलेलं असलं तर तोही पर्याय आपोआपवर आणा. शेवटी काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, स्पेस, तिरकी रेघ, फ्लशडीएनएस, म्हणजे साठवलेल्या जुन्या पत्त्यांच्या नोंदी पुसल्या जातील.

शाईदौत

सुरू झालं!!

खिडकीत अगदी तुम्ही म्हणालात तसंच होतं. खालच्या पर्यायासमोर काळा ठिपका आणि चार खणांत १२७, ०, ०, १. ठिपका वरच्या पर्यायावर नेला तशी ती चौकट राखाडी झाली. व्हर्जन ६ मध्ये काही नव्हतं. खिडक्या बंद करेपर्यंत गोल जाऊन मॉनिटरचं चिन्ह परत आलेलं, आणि दोन दिवसांचे तुंबलेले मेल धडाधड यायला लागले.

आणि हो, आठवलं. परवा संध्याकाळी मी जाहिराती अडवणारा एक प्रोग्राम काढून टाकला होता, त्याने ब्राउझर फार मंद झाला होता. सेटिंग्जमध्ये काही बदललं नाही असं मी वर लिहिलंय ते मनापासूनच लिहिलं होतं. प्रोग्राम काढणं म्हणजे सेटिंग बदलणं हे डोक्यातच आलं नाही. सुरुवातीलाच ‘काय बदललंत’ बरोबर ‘काय काढलंत’ असंही कोणी विचारलं असतं तर मी लगेच सांगितलं असतं.

लॅबवाला

ही तुमची सूचना मी उचलतो. यापुढे दोन्ही विचारीन.

जुनाकीबोर्ड

माझंही असंच झालंय म्हणून हा धागा वाचून सगळं करून पाहिलं, पण माझा आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस १६९.२५४ ने सुरू होतो आणि गेटवेची ओळ रिकामी आहे. डीएनएस आपोआपवर आहे. मी पण तेच करू?

लॅबवाला

नाही, तुमचा आजार वेगळा. पत्ता मागितला आणि राउटरकडून काही आलं नाही, की विंडोज १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतं. म्हणजे तुमचं बोलणं राउटरपर्यंतच पोचत नाहीये, डीएनएस फार पुढची गोष्ट. केबल पूर्ण सुटली असती तर ‘मीडिया डिसकनेक्टेड’ दिसलं असतं, तेव्हा कुठेतरी अर्धवट जोड आहे. केबल जिथे घुसते तिथले दिवे बघा, राउटरवर दुसऱ्या खाचेत लावा, शक्य असेल तर दुसरी केबल वापरा.

जुनाकीबोर्ड

कॉम्प्युटरच्या मागे टॉर्च मारून पाहिलं. प्लगवरची ती छोटी प्लॅस्टिकची जीभ तुटलेली आहे, त्यामुळे तो खाचेत बसून राहत नाही, केसाएवढा बाहेर सरकलाय. बोटाने दाबून धरला की हिरवा दिवा लागतो आणि सोडला की विझतो. दाबून धरलेला असताना मुलाला कमांड चालवायला लावली, १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता आला. दुसरी केबल मिळेपर्यंत पुठ्ठ्याची घडी प्लगवर खोचून ठेवलीये. हे त्याच मशीनवरून लिहितोय.