मिलान शहर नक्की कोणाचं, एसी मिलानचं की इंटरचं?

प्रश्न: इटलीतल्या मिलानच्या दोन फुटबॉल क्लबांपैकी शहराचं नाव तर एसी मिलानकडे आहे, मग इंटरवाले पण आम्हीच खरे मिलानचे असं कशाच्या जोरावर म्हणतात?

– अरे इंटर त्यांच्यातूनच फुटून निघालाय. १९०८ ला परदेशी प्लेअर घ्यायचे की नाही यावरून वाजलं आणि घ्यायचेच म्हणणाऱ्यांनी वेगळा क्लब काढला. हक्क दोघांचा सारखाच.

– पण शहराचा लाल क्रॉस एसीच्याच लोगोवर आहे, तो कसा विसरायचा!

– आणि सान सिरो स्टेडियम? ते एसीसाठी १९२६ ला बांधलं, १९४७ पासून इंटरपण तिथेच खेळतं. डर्बीला, म्हणजे या दोघांच्या आपसातल्या मॅचला, एसीचे कट्टर फॅन दक्षिण स्टँडला, इंटरचे उत्तरेला, आणि स्टेडियमला नाव मेआझा या प्लेअरचं, जो मुख्यतः इंटरचा पण एसीकडूनही खेळलेला. माझ्या मते असं शहर वाटून घेता येतच नाही.