पीएस५ घ्यावा की हातातलं मशीन? औशातून विचारतोय

औशाचा_गडी

रामराम मंडळी. औशाला राहतो, लातूरला खत-बियाण्याच्या एका दुकानात हिशोब बघतो. जाणं-येणं रोज बसनं. थोडे थोडे करून पंचावन्न हजार जमलेत आणि आता एक नीट गेमिंग मशीन घ्यायचा विचार करायलोय. आजवर मोबाईलवर बीजीएमआय (पबजीची भारतातली आवृत्ती), त्याआधी मामाच्या घरी पीएस२, एवढाच अनुभव.

वाचावं तितका गोंधळ वाढायलाय. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचे गेम सोनीच्या प्लेस्टेशनवर (पीएस५ तोच) यायलेत, प्लेस्टेशनचे पीसीवर जायलेत. निन्टेंडोचा स्विच २, व्हॉल्व्हचा स्टीम डेक, असूसचं आरओजी अलाय ही हातातली मशीनं आणखी वेगळी. पुढच्या पाच-सहा वर्षांत यातलं टिकणार कोण? एकदा पैसे घातले आणि ते मशीन मागं पडलं तर आमच्यासारख्याला लगेच दुसरं घेणं होत नाही.

घरी फायबर नाही, मोबाईलचाच डेटा, रोजचे दोन जीबी. उन्हाळ्यात दुपारची लाईट जाते, वारं सुटलं तरी जाते. इन्व्हर्टर आहे. जाणकारांनी सांगावं.

वजिराबादकर

डिस्कवाला पीएस५ घे, जास्त डोकं लावू नको. जीटीए ६, म्हणजे त्या गाजलेल्या गेमचा नवा भाग, फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एसवर जाहीर झालाय, पीसीचं त्यात नावच नाही. हातातल्या मशीनवर तो कधी येईल याची वाट बघत बसणार का?

एक्सबॉक्सचा डबा मात्र घेऊ नको. मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड जवळपास ६९ अब्ज डॉलरला घेतली. एवढा पैसा वसूल करायचा तर गेम सगळीकडे विकावेच लागणार. फोर्झा होरायझन ५ एप्रिल २०२५ मध्ये पीएस५ वर आला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गिअर्स ऑफ वॉर आला, हेलोसुद्धा जाहीर झालाय. त्यांचे गेम आपल्याकडे येत असतील तर त्यांचा डबा कशाला?

आम्ही नांदेडात पाच दोस्त मिळून डिस्क घेतो. एकाचं खेळून झालं की दुसऱ्याच्या घरी. सगळ्यांचं झालं की विकून टाकायची. मोबाईलच्या गेममध्ये स्किनला घातलेला पैसा असा परत येतो का सांग.

सोल्डरवाला_परभणी

औशाच्या भावा, मी परभणीत मोबाईल आणि गेमची मशीनं दुरुस्त करतो. रोज बाकावर काय येतं ते बघून सांगायलोय, कुणाच्या कंपनीशी माझं देणंघेणं नाही.

"कोण टिकणार" हा प्रश्नच थोडा बाजूला ठेव. सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेंडो, तिघांचीही नावं पाच वर्षांनी असतील. सेगानं मार्च २००१ मध्ये ड्रीमकास्ट बंद केला, कन्सोल बनवणंच सोडलं, पण सेगा आजही गेम काढते आणि ते निन्टेंडोवर, प्लेस्टेशनवर चालतात. एक्सबॉक्सही त्याच वाटेवर अर्धा गेलाय असं मला वाटतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेलं आरओजी एक्सबॉक्स अलाय बघ. नाव एक्सबॉक्सचं, मशीन असूसचं, आत विंडोज.

मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. ज्यांनी २००० साली ड्रीमकास्टच्या डिस्क घेतल्या त्यांच्या डिस्क आजही चालतात, कारण त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. आणि युबिसॉफ्टचा द क्रू बघ. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि घरात डिस्क असूनही गेम गेला. निन्टेंडोच्या थ्रीडीएस या जुन्या हातातल्या मशीनचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद झालं, आता त्यावर नवीन काही विकत घेता येत नाही. सोनीनं २०२१ मध्ये पीएस३ आणि हातातल्या व्हिटाचं दुकान बंद करायचं जाहीर केलं होतं, लोक खवळले तेव्हा मागं घेतलं. म्हणजे मशीन वीस वर्षं चालतं, दुकान त्याच्या आधी मरतं. म्हणून मी गिऱ्हाईकाला दोनच गोष्टी विचारायला सांगतो. नेट नसताना हे चालेल का? आणि लाईट नसताना?

लाईटचा हिशोब करू. पीएस५ मोठा गेम चालवताना २०० वॅटच्या आसपास ओढतो. ४३ इंची टीव्हीचे शंभरेक धर, झाले ३०० वॅट. घरातल्या इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, पण रूपांतरात काही जातात आणि बॅटरी पार रिकामी करायची नसते. नवी बॅटरी असेल आणि दुसरं काही चालू नसेल तर तीन-चार तास निघतील. मे महिन्यात दुपारी ४३ डिग्रीत पंखे बंद ठेवून कोण खेळू देणार? आणि स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर त्यावर कन्सोल लावूच नको, साईन वेव्हच पाहिजे. खेळता खेळता लाईट गेली की पुढच्या वेळी स्क्रीनवर "नीट बंद केलं नव्हतं" म्हणून स्टोरेज तपासणी सुरू होते. एकदा-दोनदा चालतं. रोज तसं व्हायला लागलं की सेव्ह खराब होऊन लेकरं माझ्याकडे रडत येतात.

आता हातातलं मशीन. स्टीम डेकची चिप जास्तीत जास्त १५ वॅट घेते, स्क्रीन आणि बाकीचं धरून पंचवीसेक वॅट. ओएलईडी मॉडेलची बॅटरी ५० वॅट-तासांची. जड गेमला दोन तासांच्या पुढं-मागं, हलक्या गेमला सहा-सात तास. २०,००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे ७४ वॅट-तास, ती ४५ वॅट पीडी (जलद चार्जिंग) देणारी असेल तर मशीन पुन्हा एकदा भरून निघतं. लाईट गेली हे तुला पंखा थांबला म्हणून कळेल, गेम थांबला म्हणून नाही.

हे काही नवीन नाही. निन्टेंडोच्या गुनपेई योकोईंनी १९८९ ला गेम बॉय काढला तो चार सेलवर चालायचा, हिरवट स्क्रीन, रंग नाही. सेगाचा गेम गिअर त्याच्यापुढं देखणा होता, रंगीत, आतून उजेड. पण त्याला सहा सेल लागायचे आणि तीन ते पाच तासांत ते संपायचे. गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून जवळपास ११ कोटी ८७ लाख विकले गेले. गेम गिअर त्याच्या आसपासही नाही. मराठवाड्यातल्या माणसानं हा इतिहास ध्यानात ठेवावा, कारण आपण अजून त्याच अडचणीत आहोत.

दुरुस्तीचंही बघ. माझ्याकडं सगळ्यात जास्त येतो तो कंट्रोलरच्या स्टिकचा, म्हणजे अंगठ्यानं फिरवायच्या दांडीचा रोग. हात न लावता माणूस डावीकडे चालायला लागतो. आत पोटेन्शिओमीटर असतो, त्यात कार्बनच्या पट्टीवरून एक बारीक पाकळी घासत राहते. पट्टी झिजते, आपल्याकडची काळ्या रानाची बारीक धूळ आत बसते आणि रीडिंग हलायला लागतं. गिऱ्हाईक तोंडानं फुंकर मारून आलेलं असतं, त्यानं धूळ आणखी आत जाते. पीएस५ च्या कंट्रोलरमध्ये हा स्टिक बोर्डावर १४ जागी सोल्डर केलेला असतो. सगळे टाके नीट वितळवल्याशिवाय ओढला तर बोर्डाची तांब्याची रेघ उपटून येते, मग कंट्रोलरच गेला. स्टीम डेकमध्ये तोच स्टिक वेगळ्या तुकड्यावर आहे. मागचं झाकण उघडायचं, स्क्रू काढायचे, रिबन सोडवायची, नवा बसवायचा, सोल्डर लागत नाही. हॉल इफेक्टचे स्टिकही मिळतात, त्यात चुंबक असतं, घासायला काहीच नसतं. पाच-सहा वर्षं चालवायचंय म्हणतोस ना, मग हे खरेदीच्या दिवशीच बघायचं.

कॅनॉटची_टेस्टर

सोल्डरवाले दादा, बहुतेक सगळं पटलं, एक-दोन गोष्टी राहिल्या. मी संभाजीनगरला सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि माझ्याकडे स्टीम डेक आहे.

औशाच्या दादांनी बीजीएमआय लिहिलंय म्हणून हे आधी सांगते. पबजीची पीसी आवृत्ती, फोर्टनाइट, व्हॅलोरंट हे स्टीम डेकच्या स्टीमओएसवर, म्हणजे लिनक्सवर, चालत नाहीत. त्यांची अँटी-चीट, म्हणजे फसवेगिरी पकडणारी यंत्रणा, लिनक्सवर खेळू देत नाही. बाकीचे विंडोजचे हजारो गेम प्रोटॉन नावाच्या दुभाषी सॉफ्टवेअरच्या जोरावर छान चालतात, पण ज्यांचा जीव ऑनलाइन मारामारीत आहे त्यांनी स्टीम डेक घेऊन हिरमुसायला नको. विंडोजवालं हातातलं मशीन घेतलं तर ही अडचण नाही, फक्त विंडोज एवढ्याशा स्क्रीनवर त्रास देतं.

दुसरं, स्टीम या ऑनलाइन दुकानात घेतलेला गेमही परवानाच असतो, मालकी नाही. मी म्हणून जिथे जमेल तिथे जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घेते. तिथे इन्स्टॉलरची फाइल उतरवून हार्डडिस्कवर ठेवता येते, लॉगिन लागत नाही. स्टीमचे गेम ऑफलाइन चालतात, पण नेट असताना एकदा उघडून बघा आणि मगच ऑफलाइन मोड लावा. गावी जायच्या आदल्या रात्री मी हे न चुकता करते.

आणि स्विच २ बद्दल कुणीच बोललं नाही. ५ जून २०२५ ला आला, पहिल्या चार दिवसांत ३५ लाख विकला गेला. निन्टेंडोचे गेम मला मनापासून आवडतात. पण निन्टेंडोनं तो आपल्याकडे अधिकृतपणे विकायला आणलेला नाही, आयात केलेलाच घ्यावा लागतो. त्यातही गेम-की कार्ड नावाचा प्रकार आलाय. कार्ट्रिज हातात असतं, पण त्यात गेम नसतो, फक्त डाउनलोड करायची चावी. रोज दोन जीबी असलेल्या माणसाला पन्नास जीबीचा गेम महिन्यानं मिळायचा. बॉक्सवर तसं लिहिलेलं असतं, वाचूनच घ्या.

वजिराबादकर

मग जीटीए ६ चं काय करायचं? ते सोडून सगळं बोलायलेत.

सोल्डरवाला_परभणी

तो माझ्याकडून राहिला, खरंय. ज्याला तो पहिल्याच दिवशी पाहिजे त्याला पीएस५ किंवा एक्सबॉक्सशिवाय गत्यंतर नाही, तिथं माझं काही म्हणणं नाही. तुमच्यासारखे पाच जण डिस्क फिरवत असतील तर पीएस५ सारखा स्वस्त सौदा नाही. पण पीएस५ प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्क ड्राईव्हशिवाय आला, हे ध्यानात घ्या. ड्राईव्ह वेगळा विकत घ्यावा लागतो. कंपन्यांना डिस्क नकोशी झालीय. हातोहात फिरणारी डिस्क बंद झाली तर आपल्या भागातल्या पोरांचा गेमिंगचा खर्च दुपटी-तिपटीनं वाढेल. माझा जीव तुटतो तो यासाठी.

टेस्टर ताईंचं पबजीबद्दल बरोबर आहे.

औशाचा_गडी

मंडळी, लई उपकार झाले. एक सांगायचं राहिलं होतं. घरात टीव्ही एकच आहे आणि मी घरी पोचतो त्या वेळेपासून आई आणि आजीच्या मालिका लागतात, त्या साडेनऊ-दहापर्यंत. त्यांना उठवून मी खेळणार नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी टीव्ही मोकळा असतो, पण तेव्हा लाईटचा भरवसा नाही. बसमध्ये जाता-येता मात्र वेळच वेळ असतो.

पीएस५ घेऊन सोबत सोनीचं ते हातात धरायचं पोर्टल घेतलं तर जमेल का?

कॅनॉटची_टेस्टर

पोर्टल आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये १८,९९० ला आलं. ते स्वतः गेम चालवत नाही, घरातल्या पीएस५ वरून चित्र आणतं. म्हणजे पीएस५ ला लाईट पाहिजे, राउटरला लाईट पाहिजे आणि वायफाय दणकट पाहिजे. मोबाईलच्या डेटावर आणि बसमध्ये तर नकोच. तुमच्यासाठी नाही ते.

सोल्डरवाला_परभणी

टीव्हीचं ऐकल्यावर माझं उत्तर पक्कं झालं. हातातलंच घे, आणि स्वतः गेम चालवणारं घे.

आता पैशाचं. आरओजी अलाय २०२३ ला आपल्याकडे ६९,९९० ला अधिकृत आलं होतं, वॉरंटीसकट. तुझ्या पंचावन्नात नवं बसत नाही. थांबलो तर स्वस्त होईल या आशेवर बसू नको, २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांमुळं रॅम (मशीनची मेमरी) महागलाय आणि ही सगळी मशीनं त्यावरच चालतात. वापरलेलं घे, पण समोरासमोर, मशीन हातात घेऊन. पार्सलनं मागवू नको.

जाताना २०,००० एमएएचची पॉवरबँक आणि हेडफोन सोबत ने. मशीन चालू कर, सेटिंगमध्ये कंट्रोलर टेस्ट उघड, दोन्ही स्टिक गोल फिरवून सोड आणि दहा सेकंद बोट लावू नको. ठिपका मधोमध थांबला पाहिजे, थरथरला तर पुढं बघूच नको. विंडोजवालं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport चालव, त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही आकडे येतात. स्टीम डेकमध्ये डेस्कटॉप मोडला जाऊन बॅटरीची माहिती बघ. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदलायचा खर्च भावातून कमी करून माग. मग एखादा जड गेम वीस मिनिटं चालवून मागच्या जाळीला कान लाव. पंख्याचा एकसारखा आवाज चालतो, किरकिर नको. आणि मशीन पालथं करून बघ, मागच्या कव्हराची कड कुठं उचलली असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते, ते फुकट दिलं तरी घ्यायचं नाही.

औशाचा_गडी

संभाजीनगरच्या पैठण गेटला एक जण विकायलाय, त्याच्याशी बोलणं झालंय. विंडोजवालंच आहे. रविवारी लातूरहून सकाळच्या गाडीनं निघतो. टेस्टर ताई, वेळ असेल तर बॅटरी रिपोर्टचा फोटो इथं टाकतो, तेवढा बघून सांगा.

कॅनॉटची_टेस्टर

टाका. रविवारी घरीच आहे. आणि पैसे देण्याआधी त्याचं मायक्रोसॉफ्ट खातं मशीनवरून तुमच्यासमोर काढायला लावा, नाहीतर नंतर पासवर्डसाठी त्याच्या मागं फिरावं लागेल.